कार्यक्रम आणि वास्तू : बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरममधील सार्वजनिक इतिहासाची चिकित्सा

प्रस्तावना :

सांस्कृतिक केंद्राचे मूल्यमापन करताना सामान्यतः तेथील कार्यक्रमांची संख्या, विषयांचे वैविध्य आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद या बाबी विचारात घेतल्या जातात. या निकषांवर बर्लिनमधील हुम्बोल्ट फोरम हे केंद्र यशस्वी ठरते. व्याख्याने, चर्चासत्रे, संगीत, चित्रपट आणि इतिहासविषयक प्रदर्शने यांची तेथे रेलचेल असते. वसाहतवादासारख्या अवघड विषयावरही तेथे मोकळेपणाने बोलले जाते. परंतु कार्यक्रमातून उपस्थित झालेला प्रश्न संस्थेच्या निर्णयापर्यंत पोहोचतो काय, हा निकष लावल्यास चित्र पालटते. प्रस्तुत लेखात याच निकषाच्या आधारे या केंद्राच्या सार्वजनिक इतिहासकार्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

वास्तूची पार्श्वभूमी :

हुम्बोल्ट फोरम ज्या जागेवर उभे आहे, तेथे होहेनत्सोलर्न घराण्याचा राजवाडा होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, बाँबहल्ल्यात त्याची मोठी हानी झाली आणि १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीने तो पाडून टाकला. त्याच परिसरात १९७६ मध्ये ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ ही आधुनिक इमारत उभी राहिली. तिच्यात पूर्व जर्मनीची संसद भरत असे. त्याबरोबरच उपाहारगृहे, नाट्यगृह आणि सर्वसामान्यांच्या करमणुकीच्या सोयीही होत्या. ऑगस्ट १९९० मध्ये पश्चिम जर्मनीत सामील होण्याचा ठराव याच इमारतीत संमत झाला. त्यानंतर महिन्याभरातच अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारणास्तव ती बंद करण्यात आली. २००२ साली जर्मन संसदेने जुन्या राजवाड्याची पुनर्बांधणी करण्याचा निर्णय घेतला आणि २००६ ते २००८ या काळात प्रासाद पाडण्यात आला.

इटालियन वास्तुविशारद फ्रांको स्टेला यांच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीचे तीन दर्शनी भाग जुन्या बरोक शैलीतील आहेत, तर पूर्वेकडील भाग आधुनिक आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिचे आभासी पद्धतीने उद्घाटन झाले आणि जुलै २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणता इतिहास दगडात उभा करायचा आणि कोणता पुसायचा, याचा निर्णय केंद्राचा पहिला कार्यक्रम होण्यापूर्वीच झालेला होता.

घुमटावरील लेख आणि गच्चीवरील खुलासा :

२०२० मध्ये इमारतीच्या घुमटावर क्रूस बसविण्यात आला. घुमटाभोवती एकोणिसाव्या शतकातील राजा फ्रीड्रिख विल्हेल्म चौथा याने निवडलेला बायबलमधील वचनांचा लेखही पुन्हा कोरण्यात आला. येशूखेरीज अन्यत्र तारण नाही आणि सर्वांनी त्याच्यापुढे गुडघे टेकावेत, असा त्याचा आशय आहे. ज्या इमारतीत आशिया, आफ्रिका आणि ओशनियातील समाजांच्या वस्तू ठेवायच्या होत्या, तिच्या माथ्यावर हा मजकूर असावा काय, यावर मोठा वाद झाला. केंद्रातील संस्थांनी या वर्चस्ववादी दाव्याशी आपला संबंध नसल्याचा खुलासा करणारा फलक गच्चीवर लावला.

हा फलक प्रामाणिक आहे, यात शंका नाही. मात्र लेख दुरूनही नजरेत भरणाऱ्या घुमटावर आहे आणि खुलासा गच्चीवर चढून येणाऱ्यासाठी आहे. टीका आणि टीकेचा विषय यांच्यातील हे असमान नाते या केंद्राच्या अनेक उपक्रमांतून पुन्हा पुन्हा दिसते.

नौका आणि भिंत :

लुफ बेटावरील नौका हे याचे ठळक उदाहरण होय. सध्याच्या पापुआ न्यू गिनीतील या बेटावर १८८२-८३ मध्ये जर्मन नौदलाने दंडात्मक मोहीम काढून मोठी जीवितहानी केली. सुमारे १५ मीटर लांबीची ही नौका विसाव्या शतकाच्या प्रारंभी एका जर्मन व्यापारी कंपनीमार्फत बर्लिनच्या संग्रहात आली. इतिहासकार ग्योत्स आली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या संपादनामागील हिंसेची चर्चा केली आणि ती वस्तू रीतसर विकत घेतली गेली, या जुन्या मांडणीला आव्हान दिले. त्यानंतर नौकेविषयी सार्वजनिक चर्चा झाल्या.

परंतु ही नौका २०१८ मध्येच, बांधकाम चालू असताना, भिंतीत राखून ठेवलेल्या जागेतून आत आणली गेली होती आणि त्यानंतर ती भिंत बंद करण्यात आली. म्हणजे नौका परत करावी काय, ही चर्चा रंगू लागली तेव्हा नौका बाहेर काढण्याची वाटच उरलेली नव्हती. चर्चा मोकळी होती, भिंत नव्हती.

बेनिनचे ब्राँझ : निर्णयापर्यंतचा प्रवास :

याउलट, चर्चा निर्णयापर्यंत पोहोचल्याचे उदाहरणही याच केंद्रात आढळते. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिन राज्यातून लुटलेल्या कलावस्तूंपैकी ५०० हून अधिक वस्तू बर्लिनच्या संग्रहात होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ५१२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार झाला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वस्तू १० वर्षांच्या कराराने बर्लिनमध्ये राहिल्या. वस्तू त्याच दालनात राहिली तरी देणारा आणि घेणारा यांची जागा बदलली. पुढे मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या तत्कालीन अध्यक्षांनी या वस्तूंचे मालक म्हणून बेनिनच्या ओबांना, म्हणजे तेथील पारंपरिक राजांना, मान्यता दिली. त्यावरून जर्मनीत काहींनी परतफेडीवर आक्षेप घेतला. तथापि वस्तू परत केल्यानंतर तिचे काय करावे, हे ठरविण्याचा अधिकारही परत केलेला असतो, हे येथे विसरून चालणार नाही.

हा निर्णय केंद्राच्या स्वतःच्या कार्यक्रमांमुळे झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘नो हुम्बोल्ट २१’ ही नागरी चळवळ २०१३ पासून केंद्राबाहेर उभी होती. कलेतिहासकार बेनेडिक्ट साव्हॉय यांनी वस्तूंच्या पूर्वेतिहासाच्या संशोधनाकडे दुर्लक्ष होत असल्याची टीका करून २०१७ मध्ये सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी उद्घाटनाच्या व्यासपीठावरूनच परतफेडीचा नैतिक आग्रह धरला. बाहेरचा दबाव आणि आतले व्यासपीठ एकत्र आले, तेव्हाच निर्णय झाला.

दोन प्रतिकृती :

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राबाहेर सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाची मूळ आकारातील दगडी प्रतिकृती उभारण्यात आली. ब्रिटिश अधिकारी हेन्री हार्डी कोल यांनी १८६९-७० मध्ये या तोरणाचे साचे घेतले होते व त्यांपासून केलेल्या प्रती युरोपात पोहोचल्या होत्या. मूळ तोरण मात्र सांचीलाच राहिले. राजवाड्याचे दर्शनी भागही प्रतिकृतीच आहेत. दोहोंतील भेद असा, की तोरणाच्या प्रतिकृतीसाठी मूळ तोरण हलवावे लागले नाही. राजवाड्याच्या प्रतिकृतीसाठी एका निकटच्या काळाची इमारत नाहीशी करावी लागली. मे २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात केंद्राने त्या पाडलेल्या प्रासादावर मोठे प्रदर्शन भरविले. तेथे काम केलेल्या व तेथे वावरलेल्या लोकांच्या आठवणींना त्यात स्थान दिले. उपक्रम स्तुत्य होता. पण प्रदर्शन फेब्रुवारीत संपले आणि राजवाडा मागे उरला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याला आणखी एक संदर्भ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राचीन शिल्पांचे जे प्रदर्शन खुले झाले, त्यात बर्लिनच्या शासकीय संग्रहालयांनी ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या शिल्पांचाही समावेश होता. अशा देवघेवीचे स्वागतच केले पाहिजे. मात्र वस्तू कोणाची आणि पाहुणी कोठे, हा प्रश्न बेनिनच्या उदाहरणानंतर प्रत्येक प्रदर्शनात विचारावा लागेल.

समारोप :

चर्चा हेच सांस्कृतिक केंद्राचे कार्य असून निर्णय घेणे हे शासनाचे काम आहे, असा प्रतिवाद केला जाऊ शकतो. तो अंशतः मान्य करावा लागतो. कारण सततच्या चर्चेविना बेनिनचा करार शक्य झाला नसता. तथापि आत्मटीकेचा प्रत्येक कार्यक्रम संस्थेच्या प्रतिष्ठेत भर घालतो आणि ज्यावर टीका झाली ती व्यवस्था जागेवरच राहते, तेव्हा टीका हीदेखील सजावट होऊ लागते. म्हणून अशा केंद्रांचा वार्षिक अहवाल वाचताना किती कार्यक्रम झाले याबरोबरच त्यांतून काय बदलले, हेही अभ्यासकांनी तपासणे आवश्यक आहे. बेनिनच्या वस्तूंच्या कराराची १० वर्षांची मुदत २०३२ मध्ये पूर्ण होईल. हुम्बोल्ट फोरमच्या इतिहासदृष्टीची खरी परीक्षा तेव्हा होईल. आणि लुफच्या नौकेसाठी भिंत उघडण्याची तयारी हे केंद्र दाखवते काय, यावरही तिचे मूल्य ठरेल.