अंकांची दिशा

इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत 'बालभारती'नें २०१९ सालीं 'पंचवीस' या रूढ नांवाच्या जोडीला 'वीस पांच' असेंहि वाचन दिलें, तेव्हां महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. कोणाला यांत भाषेचा घात दिसला, कोणाला मुलांची सोय. त्या गदारोळांत एक मूळ प्रश्न मात्र बाजूस राहिला : संख्येला मनांत दिशा असते काय ?

असते, असें प्रयोग सांगतात. स्तानिस्लास देआन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं, लहान संख्यांना डावा व मोठ्या संख्यांना उजवा हात अधिक लवकर उत्तर देतो. पुढें २००९ सालीं शाकी, फिशर व पेट्रुसिक यांस असें आढळलें कीं, शब्द आणि अंक दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत हा क्रम उलटतो. शब्द उजवीकडून पण अंक डावीकडून वाचणाऱ्या इस्रायली लोकांत तो दिसतच नाहीं. अर्थात् या दिशेच्या घडणींत वाचनाच्या संवयीचा मोठा वांटा आहे.

आतां मराठी मुलाकडे पाहूं. २५ लिहितांना तो दोन आधीं लिहितो. 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं उच्चारतो. कान एकीकडे ओढतो, हात दुसरीकडे. सोलापूर जिल्ह्यांत हा भेद शेजारींच ऐकूं येतो. टेंभुर्णीच्या मराठी घरांत 'पंचवीस'. सोलापुरांतील कानडी घरांत 'इप्पत्तैदु' व तेलुगु विणकरांच्या घरांत 'इरवै ऐदु', म्हणजे वीस आधीं, पांच मागून.

तेव्हां पुस्तकानें ओळखलेली अडचण खरी आहे, हें टीकाकारांनीं मान्य करावयास हवें होतें. पण त्या पुस्तकाचाहि विचार अपुराच आहे. 'एकोणतीस'चें 'वीस नऊ' केलें कीं लेखन सुलभ होतें खरें. परंतु तीस एकाच पावलावर आहे, ही सूचना हरपते. 'वीस नऊ' मागच्या टप्प्यापासून मोजतें, 'एकोणतीस' पुढच्या टप्प्याकडे बोट दाखवितें. ही नांवें एक सोपें व एक अवघड अशीं न मांडतां, एकाच जागेकडे पाहण्याच्या दोन दृष्टि म्हणून मांडलीं असतीं, तर भाषाहि राखली जाती व गणितहि उमगतें.

राहतां राहिला घरच्या वडीलधाऱ्यांचा भाग. पंचवीस सांगितले असतां ५२ लिहिणाऱ्या मुलास मंद ठरविण्यापूर्वीं त्यांनीं इतकें ध्यानांत घ्यावें कीं, त्यानें जसें ऐकलें तसेंच लिहिलें आहे.