चाल खरी, माणूस खोटा

दूरवरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नसला, तरी आपण त्याला चालीवरून ओळखतो. आपले डोळे यात किती तरबेज आहेत हे गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 साली दाखवले. त्याने माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा प्रकाशाचे ठिपके लावले व बाकी सारे अंधारात ठेवले. ठिपके स्थिर असताना प्रेक्षकांना काही उमगेना. हलू लागताच क्षणात कळले, माणूस चालतो आहे!

संगणकावर माणूस चालवणाऱ्याची गाठ अशा चोखंदळ प्रेक्षकाशी असते. 2004 सालच्या ‘द पोलर एक्सप्रेस’मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी ठिपक्यांचाच मार्ग धरला. नटांच्या अंगावर व चेहऱ्यावर खुणा चिकटवून त्यांच्या हालचाली टिपल्या आणि संगणकातल्या पात्रांना दिल्या. मोजमाप अचूक, तरी पात्रे निर्जीव वाटतात. असे का?

एक कारण डोळे. बुबुळावर खूण चिकटवता येत नाही. नजर मागाहून भरावी लागते. दुसरे कारण आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले आहे. यात लहान मुलाच्या हालचालीही टॉम हँक्स यांच्याच आहेत. झुलणारा पाय ढोबळमानाने लंबकच. त्याचा दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 90 सेंमीच्या पायाऐवजी 60 सेंमीचा असेल, तर वेळ सुमारे 0.8 पट हवा. मोठ्याची चाल छोट्या अंगावर चढवली, की ती बापाच्या सदऱ्यासारखी ढगळ दिसते. पडद्यावरचा मुलगा मला तसाच जड पावलांचा वाटतो.

त्याच महिन्यात आलेल्या ‘द इन्क्रेडिबल्स’मधली माणसे उघडउघड व्यंगचित्रे आहेत. त्यांची प्रत्येक हालचाल चित्रकारांनी रचलेली आहे. पण उडीआधी गुडघा वाकतो, उतरताना वजन जाणवते. म्हणून ती पटतात.

दोष यंत्राचा नाही. ‘द टू टॉवर्स’मधला (2002) गॉलम अँडी सर्किस यांच्या हालचालींवरच बेतलेला आहे; पण तिथे चित्रकारांनीही हात चालवला. नोंद म्हणजे आकलन नव्हे. प्रयोगवहीत अचूक आकडे उतरवणारा विद्यार्थी आणि ते तसे का आले हे सांगणारा विद्यार्थी, यांतला फरक आपण शिक्षक जाणतोच.

वर्गात करून पाहा. एका मुलाच्या सांध्यांवर चकाकणाऱ्या परावर्तक पट्टीचे तुकडे लावा, खोलीत अंधार करा, विजेरी डोळ्यांजवळ धरा. त्याला आधी रिकाम्या हाताने चालू द्या, मग भरलेले दप्तर घेऊन. नुसत्या ठिपक्यांवरून दप्तराचे ओझे ओळखता येते का?