हर्नची शिक्षक-दैनंदिनी : एका निष्कर्षाचा पुनर्विचार

लाफ्काडिओ हर्नचे नाव आज मुख्यतः जपानी भूतकथांच्या संदर्भात घेतले जाते. परंतु जपानातील चौदा वर्षांपैकी बराच काळ त्याने उपजीविकेसाठी इंग्रजी शिकविण्यात घालविला : प्रथम मात्सुए येथील माध्यमिक शाळेत व अध्यापक-विद्यालयात (१८९०-९१), नंतर कुमामोतो येथे (१८९१-९४) आणि पुढे तोक्यो येथील साम्राज्य-विद्यापीठात (१८९६-१९०३). मात्सुए येथील अनुभवावर आधारलेले 'एका इंग्रजी शिक्षकाच्या दैनंदिनीतून' हे प्रकरण त्याच्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' (१८९४) या ग्रंथात आहे. परदेशी जाऊन स्वभाषा शिकविणाऱ्यांनी जे वाङ्मय निर्माण केले आहे, त्यात या प्रकरणाचे स्थान निःसंशय वरचे आहे. मात्र त्यातील एक निष्कर्ष वाचक सहसा न तपासता स्वीकारतात.

'स्वभाषा' हा शब्ददेखील येथे जपूनच योजावयास हवा. हर्नचा जन्म १८५० मध्ये लेफ्कादा बेटावर एका ग्रीक मातेच्या पोटी झाला आणि दोन वर्षांचा असताना तो डब्लिनला आला. ज्या भाषेचा जन्मसिद्ध अधिकारी म्हणून तो वर्गात उभा राहिला, ती त्याच्या आईची भाषा नव्हती.

विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध वाचून हर्न चकित होतो, तो त्यांतील सारखेपणामुळे. चंद्रावरील किंवा एखाद्या फुलावरील वीस निबंध वाचावेत, तर उपमा त्याच, स्मरणे तीच, किंबहुना हस्ताक्षराचे वळणदेखील एकाच कुटुंबातले! यावरून या निबंधांत व्यक्तीचा ठसा नाही, समाजाची भावना तेवढी आहे, असे तो ठरवितो व त्याचे मूळ बालपणापासूनच्या संस्कारांत शोधतो. निरीक्षण अचूक आहे आणि त्यामागे उपहासही नाही. निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पुढे जातो. मोजक्या शब्दसंपत्तीवर परभाषेत लिहिणारा विद्यार्थी जे सुचते ते लिहीत नाही, जे लिहिता येते ते लिहितो. अशा वेळी परिचित संकेत हा त्याचा आधार असतो. हीच मुले जपानीत काय व कसे लिहीत होती, हे ताडून पाहण्याइतके जपानी हर्नला येत नव्हते; आणि पुढेही फारसे आले नाही.

याचा पडताळा त्याच्याच घरात सापडतो. पत्नी सेत्सूशी तो जी जपानी बोले, ती प्रत्यय गाळलेली, शब्दक्रम मोडलेली, त्या दोघांपुरतीच तयार झालेली बोली होती. कुटुंबात तिला 'हर्नसानची भाषा' असेच नाव पडले होते. त्या भाषेत त्याने पत्नीला पत्रेही लिहिली. केवळ त्या पत्रांवरून कोणी हर्नच्या व्यक्तित्वाचे मूल्यमापन केले, तर इंग्रजी गद्याचा हा कुशल शिल्पकार बालबुद्धीचा ठरेल. भाषेची मर्यादा ही मनाची मर्यादा नव्हे, हे त्याला स्वतःविषयी सांगावे लागले नसते.

हर्नचे लेखनच हर्नला खोडून काढते, हे या प्रकरणाचे खरे बळ होय. सुताराचा मुलगा योकोगी मरणाच्या दारी असताना शाळा एकदा पाहावी अशी इच्छा धरतो आणि घरचा वृद्ध सेवक त्याला पाठीवर घेऊन रात्री शाळेपर्यंत नेतो. एवढ्या थोड्या ओळींत जो मुलगा उभा राहतो, तो कोणत्याही समूहाचा नमुना नाही. 'आउट ऑफ द ईस्ट' (१८९५) मधील कुमामोतोच्या वर्गाचे चित्रणही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पतीसाठी प्राण देणाऱ्या आल्केस्टिसची ग्रीक कथा ऐकल्यावर विद्यार्थी एकसुरात बोलत नाहीत. तिचा पती अ‍ॅडमीटस याच्या भ्याडपणाचा निषेध होतो, कथेच्या नीतीवर वाद रंगतो. विषय चंद्राचा नव्हता, निवाडा करण्याचा होता. निबंधाचे विषय शिक्षकच देत असतो, हे हर्नच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

तोक्यो येथे त्याने टिपणांवाचून, संथपणे दिलेली व्याख्याने विद्यार्थ्यांनी शब्दशः उतरून घेतली. त्यांवरून जॉन अर्स्किनने १९१५ मध्ये 'इंटरप्रिटेशन्स ऑफ लिटरेचर' हे दोन खंड संपादिले. त्यातील पहिल्याच व्याख्यानात, इंग्रजी वाङ्मयातील स्त्रीविषयक भावना जपानी विद्यार्थ्याला दुर्बोध का होते, याची चर्चा आहे. मात्सुएच्या निबंधांतील उणीव त्याने विद्यार्थ्यांच्या घडणीत पाहिली होती. येथे अडचण दोन परंपरांच्या मध्ये आहे, असे तो मानतो. तरीही विवेचनाची दिशा एकच राहते. दुर्बोध ते इंग्रजी आणि समजून घ्यावयाचे ते जपान्यांनी.

१९०३ मध्ये विद्यापीठाने हर्नचा करार पुढे चालू ठेवला नाही. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, तरी त्याच्या जागी लंडनहून नुकताच परतलेला नात्सुमे सोसेकी आला. इंग्रजी ही त्याची जन्मभाषा नव्हती. बालपणी चिनी वाङ्मयावर पोसलेल्या मनाला इंग्रजी वाङ्मयाने आपली फसवणूक केली असे का वाटावे, हा प्रश्न त्याने 'बुंगाकुरोन'च्या (१९०७) प्रस्तावनेत स्वतःलाच विचारला आणि त्यानिमित्ताने 'वाङ्मय म्हणजे काय' येथपर्यंत तो मागे गेला.