थायरॉईडचा आकडा कोणत्या मापाचा?

मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. त्या काळी नुसते ‘दहा मण’ म्हणणे अर्धवटच होते. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर किलोग्रॅम रूढ झाला आणि हिंगणघाटचा कापूस कोठेही नेला तरी वजन तेच भरू लागले. थायरॉईड संप्रेरकांच्या रक्ततपासणीत मात्र आपण अजून मणाच्याच काळात आहोत, अशी आमची तक्रार आहे.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या गावांत खासगी प्रयोगशाळाही आहेत. समजा, आर्वीच्या एखाद्या गर्भवतीने एक तपासणी गावात केली व दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी. मुक्त टी-४ चे दोन आकडे वेगळे आले, तर आजार वाढला की केवळ माप बदलले? औषधाची मात्रा या उत्तरावर ठरते, आणि बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते.

असे का होते? रक्तातील टी-४ चे बहुतेक रेणू प्रथिनांना चिकटलेले असतात. दहा हजारांत जेमतेम दोन-तीन मुक्त असतात. तपासणीसाठी वापरलेली प्रतिपिंडे व रसायने हा समतोल थोडाफार ढळवतात आणि प्रत्येक कंपनीच्या किटमध्ये तो वेगळ्या प्रमाणात ढळतो. गरोदरपणात ही प्रथिने वाढत असल्याने घोळ अधिकच वाढतो. टीएसएचची अडचण निराळी. त्याच्या रेणूंवरील शर्करेच्या साखळ्या एकसारख्या नसतात. म्हणून त्याचे एकक ग्रॅममध्ये न बांधता जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यावरून ठरवावे लागते.

आंतरराष्ट्रीय क्लिनिकल केमिस्ट्री महासंघाचा गट २००५ पासून यावर काम करीत आहे. टी-४ साठी वस्तुमान वर्णपटमापीवर आधारलेली संदर्भ पद्धत तयार झाली. टीएसएचसाठी तशी पद्धत नसल्याने सर्व किटांच्या सरासरीशी आकडे जुळवण्याचा मार्ग काढला गेला. जपानने तो २०२१ मध्ये अमलात आणला. आकडे एकदम बदलले तर डॉक्टरांचा गोंधळ होईल, ही सावधगिरी आम्हांला मान्य आहे. पण अहवालावर पद्धतीचे व किटचे नाव ठळक छापायला कोणाची हरकत आहे? किटच्या पत्रकातील ‘सामान्य मर्यादा’ आपल्या लोकांवर न पडताळता तशीच उतरवणे, हे तर विज्ञानच नव्हे.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून गुणवत्ता तपासतात, हे मोलाचे काम आहे. तथापि तुलना एकाच पद्धतीच्या प्रयोगशाळांत झाली, तर त्या पद्धतीची सामाईक चूक झाकलेलीच राहते.

शिक्षकांनी हा मुद्दा वर्गात दाखवावा. एकाच भांड्यातील पाण्यात पाच तापमापके ठेवून वाचने फळ्यावर लिहावीत. मग विचारावे: सरासरी म्हणजेच खरे तापमान का? नसेल, तर ते कशावरून ठरवायचे? वितळत्या बर्फापर्यंत विद्यार्थी स्वतःच पोहोचतील. नंतर घरातील एखादा रक्ताचा अहवाल पाहून त्यावर पद्धतीचे नाव आहे का, हे त्यांनी शोधावे. नसेल तर प्रयोगशाळेत जाऊन विचारावे.