पादचारी सुरक्षितता आणि रस्त्याची पुनर्रचना : जंगली महाराज रस्त्याचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

भारतीय शहरांत रस्त्याचा विचार दीर्घकाळ वाहनांच्या सोयीने होत आला. रस्त्याचे प्रयोजन माणसांची ये-जा हे आहे, केवळ वाहनांची नव्हे, अशी भूमिका २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने घेतली. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. या विचाराचे सर्वांत ठळक दृश्यरूप म्हणजे त्याच सुमारास हाती घेतलेली जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना होय. तिचे कौतुक पुष्कळ झाले. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा सुरक्षितता या एकाच निकषावर केली आहे.

कीर्तीचा निकष

हा रस्ता १९७० च्या दशकात बांधला गेला तेव्हा कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. ती मुदत संपल्यानंतरही अनेक वर्षे त्यावर खड्डे पडले नाहीत, आणि ‘खड्डे नसलेला रस्ता’ ही त्याची ख्याती झाली. ही ख्याती सार्थ असली, तरी तिचा निकष चाकाचा आहे, हे लक्षात घ्यावे लागते. पाताळेश्वर लेणे, जंगली महाराज मंदिर, बालगंधर्व रंगमंदिर आणि संभाजी उद्यान या चारही ठिकाणी माणूस अखेरीस पायीच पोहोचतो. तरीही रस्त्याच्या गुणवत्तेच्या चर्चेत त्याच्या पावलांना स्थान नव्हते.

पुनर्रचनेचे यश

या पार्श्वभूमीवर पुनर्रचनेचे महत्त्व नाकारता येत नाही. पदपथ रुंद झाले, बसण्याची जागा आली, मुलांसाठी खेळणी आली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. शहरातील असंख्य रस्ते ही किमान अटही पूर्ण करीत नाहीत. तेथे या रस्त्याने ‘चालणे सुखाचे होऊ शकते’ हे सिद्ध केले. रस्त्याची रुंदी कमी केल्यास वाहतूक कोलमडेल, हा आक्षेप त्यामुळे पूर्वीइतक्या ठामपणे घेता येत नाही.

मर्यादा : लांबीचा विचार, रुंदीचा विसर

तथापि, या रचनेमागे पादचाऱ्याची जी प्रतिमा आहे ती प्रामुख्याने फेरफटका मारणाऱ्याची आहे. तो रस्त्याच्या कडेने चालतो, थांबतो, बसतो. वास्तवातील पादचाऱ्याला मात्र रस्ता ओलांडावाही लागतो आणि वाहनाशी त्याची थेट गाठ तेथेच पडते. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता ही एकदिशा मार्गांची जोडी आहे. एकदिशा मार्गावर समोरून वाहन येत नसल्यामुळे चालक निर्धास्त होतो आणि वेग वाढण्यास वाव मिळतो.

वेगाचे गणित येथे निर्णायक आहे. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेग असल्यास आघाताची ऊर्जा सुमारे पावणेतीनपट होते. चालकाला भानावर येण्यास एक सेकंद लागला, तर ब्रेक दाबण्यापूर्वीच पहिले वाहन सुमारे ८ मीटर आणि दुसरे सुमारे १४ मीटर पुढे आलेले असते. उलट बाजूस, १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या तरुणाला १० सेकंद पुरतात, तर ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला १५ सेकंद लागतात. हे पाच सेकंद रुंद पदपथ देऊ शकत नाही. ते देण्यासाठी सिग्नलची वेळ, पदपथाच्या पातळीवर उंचावलेले पट्टे, ओलांडण्याचे अंतर कमी करणारी चौकाची रचना आणि वेगमर्यादेची अंमलबजावणी लागते. पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही मेट्रो स्थानके सुरू झाल्यानंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. ही स्थानके मुठेच्या काठी, रस्त्याच्या एका बाजूस आहेत. फर्ग्युसन रस्त्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला जंगली महाराज रस्ता ओलांडणे अपरिहार्य आहे.

सायकलस्वाराचे स्थान

‘सायकलींचे शहर’ हा पुण्याचा जुना लौकिक. परंतु पदपथाला लागून, त्याच पातळीवर आखलेली सायकलपट्टी व्यवहारात पदपथाचाच भाग बनते. त्यात पादचारी आणि सायकलस्वार एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात, आणि ज्याच्यामुळे दोघांना धोका आहे ते वाहन वादाबाहेर राहते. पट्टी चौकापाशी खंडित झाली की जेथे संरक्षणाची सर्वाधिक गरज असते तेथेच सायकलस्वार एकाकी पडतो. एकदिशा मार्गावर उलट जाणाऱ्या सायकलस्वाराला बेशिस्त ठरविले जाते; त्याने घ्यावयाचा वळसा पायांच्या बळावर घ्यावा लागतो, याचा विचार होत नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेली भाड्याच्या सायकलींची योजना अल्पावधीतच बंद पडली. तिच्या अपयशाची कारणे अनेक असतील. मात्र सलग व सुरक्षित मार्गाविना केवळ सायकली पुरवून सायकलसंस्कृती परत येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

समारोप

जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना ही योग्य दिशेने झालेली, परंतु अपुरी सुरुवात म्हणावी लागेल. तिने पादचाऱ्याला जागा दिली. वाहनाच्या वेगाला मात्र पुरेसा हात घातला नाही. पदपथाचा वापर हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. हा हक्क पदपथाच्या कडेशी संपत नाही, पलीकडच्या कडेपर्यंत तो अखंड असला पाहिजे. म्हणून अशा प्रकल्पांचे मूल्यमापन किती मीटर पदपथ बांधला यावर न होता, काठी टेकीत चालणारा माणूस किंवा शाळकरी मूल कोणाचाही हात न धरता रस्ता ओलांडू शकते का, यावर व्हावे. या रस्त्याने एके काळी चाकांना दहा वर्षांची हमी दिली. पावलांना अशी हमी मिळणे अद्याप बाकी आहे.