रायपूरचा अल्बम कोणता?

रायपूरच्या मराठी मित्रमंडळीत ‘सगळ्यांत भारी अल्बम कोणता’ हा वाद निघाला की एक जण ‘गीतरामायणा’वर अडून बसतो, दुसरा पंचमवर, आणि कुणाचा तरी कॉलेजातला मुलगा ‘रॉकस्टार’ पुढे करतो. अशात कुणी विचारावं, “अरे, पिढ्या गेल्या आपल्या इथं, इथला अल्बम कोणता?” मग चहा मागवला जातो.

माझं उत्तर ‘चंदैनी गोंदा’. हा अल्बम नव्हे, रंगमंचावरचा प्रयोग आहे, हा आक्षेप ठाऊक आहे. पण ‘गीतरामायण’ तरी कुठं अल्बम म्हणून जन्मलं? 1955 सालापासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी ती 56 गाणी आली. तबकड्या, पुस्तक, कॅसेट हे सगळं नंतरचं. दाऊ रामचंद्र देशमुखांनी 1971 मध्ये दुर्गकडच्या बघेरा गावातून ‘चंदैनी गोंदा’ उभं केलं, त्यात शेतकऱ्याच्या आयुष्याचा धागा होता, लक्ष्मण मस्तुरियांचे शब्द होते आणि खुमान सावांचं संगीत. सावांनी लोकधुनांचा गावरान बाज राखला, पण पसारा आवरला. मुखडा लगेच ओठांवर बसतो आणि वाद्यं गाणाऱ्याच्या पुढे धावत नाहीत. सुटी गाणी रेडिओने घरोघरी नेली. अखंड प्रयोग मात्र पाहिलेल्यांच्या आठवणीतच राहिला, आणि नव्या श्रोत्याला क्रमाने ऐकावं असं हाती काही लागत नाही.

सिनेमाची वाट वेगळी. मनु नायक यांच्या ‘कहि देबे संदेस’साठी (1965) रफी, मन्ना डे, सुमन कल्याणपूर गायले. रफींचं गाणं गोड आहे, पण त्याचा साज मुंबईचा. 2000 साली, राज्य जन्माला येत असतानाच, ‘मोर छइयां भुइयां’ तुफान चालला आणि इथं धंदा उभा राहिला. त्यानंतर गाण्यांना तोटा नाही. नवरात्रात दुकालू यादव यांची जसगीतं गल्लोगल्ली वाजतात, लग्नात डीजेवाले जुन्या ददरियाला ठोक्याखाली चेंगरतात. आवाज चांगले आहेत, चाली उसन्या. यूट्यूबवर गाण्याखाली कॅमेरा, एडिटिंग, मेकअप सगळ्यांची नावं असतात. गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं की काम भागतं.

ही सवय महागात पडते. 2009 मध्ये ‘दिल्ली-6’मधलं ‘गेंदा फूल’ देशभर गाजलं. रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजात इथल्या लोकांनी ते कित्येक वर्षं आधी ऐकलं होतं, सिनेमात गीतकार म्हणून नाव लागलं प्रसून जोशींचं. पुढच्याच वर्षी ‘पीपली लाइव्ह’मध्ये नगीन तन्वीर गायल्या, तेव्हा गंगाराम साकेत यांचं नाव तरी लागलं. हबीब तन्वीर याच शहरातले, त्यांच्या नाटकातून ते गाणं आलं होतं.

नावांची चाड खरी राखली ती रेडिओवेड्यांनी. निवेदक गायकासोबत गीतकार-संगीतकारही सांगायचा, म्हणून फर्माइशीचं पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला ती पाठ. भाटापाऱ्याचं नाव तर अशा पत्रांमुळेच सिलोनपर्यंत पोचलं. छत्तीसगढची श्रोता मंडळं 20 ऑगस्टला श्रोता दिवस पाळतात. 1921 मध्ये याच महिन्यात मुंबईहून संगीताचं प्रसारण झालं होतं, आणि गव्हर्नरांनी ते पुण्यात ऐकलं होतं. समीक्षक म्हणून मला विद्यापीठांपेक्षा या मंडळींचा भरवसा जास्त वाटतो. एखाद्या चालीची उचल कुठून आहे हे ते दुसऱ्या ओळीला सांगतात.

मराठी बैठकीत हा कान अजून मराठी-हिंदीपुरताच चालतो. खैरागढच्या संगीत विद्यापीठाने लताबाईंना डी.लिट. दिली, हे अभिमानाने सांगतात. त्याच लताबाई 2005 मध्ये ‘भकला’ या चित्रपटासाठी छत्तीसगढीत गायल्या. गीतकार मदन शर्मा, संगीतकार कल्याण सेन. ही दोन नावं न अडखळता घेणारा मराठी माणूस मला इथं अजून भेटायचाय. ‘मेंदीच्या पानावर’ची चाल कुणाची, ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगतील.