शुक्रवारचा मंगळवार : संगणकातील तारीख आणि इतिहासाचा पुरावा

गेली काही वर्षे मी सतराव्या शतकातील कागदपत्रांच्या तारखांची सूची करतो आहे. आधी ती वहीत होती, आता संगणकावर आहे. प्रोग्रॅमिंग मी कोणत्या वर्गात शिकलो नाही. पुस्तके चाळत आणि चुका करत शिकलो. सूची तपासण्यासाठी पायथन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याला १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख दिली आणि वार विचारला. उत्तर आले : मंगळवार.

ही छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतारीख. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. मग चूक कोणाची? शकावलीची, इतिहासकारांची, की यंत्राची?

खरे पाहता तिघांचेही गणित बरोबर आहे. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये पंचांग सुधारले. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांगच चालवले. त्यामुळे शिवकाळात गोव्याचा पोर्तुगीज आणि सुरतेचा इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडे. १७०० नंतर ते अकरा झाले. मराठ्यांच्या इतिहासात त्या काळासाठी ज्युलियन तारखा देण्याची पद्धत रूढ आहे. १९ फेब्रुवारी ही तशी तारीख. नव्या पंचांगात तोच दिवस १ मार्च १६३० होतो. ही तारीख यंत्राला दिली, की ते निमूटपणे शुक्रवार सांगते.

पायथनची तारीख-व्यवस्था ग्रेगोरियन पंचांग मागे सरळ पहिल्या वर्षापर्यंत ताणते. ते पंचांग जन्मालाही आले नव्हते त्या शतकांतसुद्धा. तारखा लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले. १५८३ पूर्वीची वर्षे परस्परसंमतीनेच वापरावीत, असे ते बजावते. म्हणजे धोक्याची पाटी आहे. पण ती रोमच्या वेळापत्रकाप्रमाणे लावलेली आहे. सुरतेच्या वखारीतला कागद १६७४ चा असला, तरी त्याच्यासाठी पाटी नाही.

सगळे प्रोग्रॅमर बेफिकीर होते असे मात्र नाही. युनिक्समधील जुन्या ‘कॅल’ या आज्ञेला सप्टेंबर १७५२ विचारा : २ तारखेनंतर थेट १४ दिसते. इंग्लंडने गाळलेले अकरा दिवस तिथे इमानाने गाळले आहेत. पण हा इंग्लंडचा इतिहास झाला. गोव्याचा कागद त्या आज्ञेने तपासला तर तीही चुकणार. कोणताही एकच सांधा सर्वांना लागू पडत नाही, हा खरा मुद्दा.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४. त्या ज्युलियन तारखेचा वार शनिवार. यंत्र सांगते बुधवार. हे दहा दिवसांमुळे, ते कळले. पण जेधे शकावलीत सिंहासनारोहणाची नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असताना, अशी आहे. तीन घटिका म्हणजे बहात्तर मिनिटे. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून पहाटेपूर्वीची ती वेळ शुक्रवारचीच. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून त्यांच्या हिशेबी शनिवार उजाडलेला. दोन्ही नोंदी खऱ्या. संगणकाच्या तारखेत मात्र दिवस मध्यरात्रीच सुरू होतो, आणि सूर्योदयाचा दिवस मांडायला वेगळा रकानाच नसतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. या साधनांची रचना रेल्वेचे आरक्षण आणि बँकेचे व्याज यांसाठी झाली. संशोधकाने तारीख स्वतः बदलून द्यावी, यंत्राला दोष कशाला? त्या कामांसाठी एकच अखंड पंचांग हवे, हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ३० फेब्रुवारी लिहिले, तर यंत्र ताबडतोब हरकत घेते. चुकीच्या पंचांगातली तारीख मात्र ते विनातक्रार स्वीकारते आणि आत्मविश्वासाने वार सांगते. आरडाओरडा करणारी चूक दुरुस्त होते. गप्प बसणारी चूक सूचीतून सूचीत उतरत जाते. आज जुने दप्तर संगणकावर चढवण्याचे काम जागोजागी चालू आहे. तिथला एखादा चुणचुणीत मुलगा ‘वार चुकला आहे’ म्हणून शुक्रवार खोडून मंगळवार करील, आणि मूळ पुरावाच नाहीसा होईल.

शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्यूएल यांचा भारतीय पंचांगावरील ग्रंथ १८९६ मध्ये निघाला, तेव्हा संगणक नव्हता. पण तिथीशी वार जुळतो का, हे पाहिल्याशिवाय जुनी मिती मान्य करू नये, ही शिस्त त्या पिढीने घालून दिली. वार हा तारखेचा साक्षीदार आहे. साक्षीदाराला आरोपी करू नये.

माझ्या सूचीत आता चार रकाने आहेत : कागदात आहे तशी मिती, अक्षरशः, कागदातला वार, कोणते पंचांग आणि दिवस कधी सुरू होतो ते, आणि शेवटी यंत्रासाठी बदललेली तारीख. पहिले दोन रकाने कोणत्याही प्रोग्रॅमला बदलता येत नाहीत, अशी सोय केली आहे. कागदावरच्या शाईला हात लावायचा नाही, हा दप्तरखान्यातला जुना नियम; मी तो फक्त संगणकावर आणला.